ट्रेंच : खंदक, चर की मोर्चा?

विचारणा अशी आहे : 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा १९७९चा दूरचित्रपट पाहिला. त्यातली शाळेच्या बाकावरून थेट पहिल्या महायुद्धात गेलेली जर्मन पोरं ज्या ट्रेंचमध्ये दिवस काढतात, तिला 'खंदक' म्हणावं का? खंदक तर किल्ल्याभोवती असतो, शत्रूला अडवायला. त्यात कोण राहतं?

शंका रास्त आहे, तरी खंदक खुशाल वापरा. फार्सीत 'कंदन' म्हणजे खणणे. तिथून अरबीत 'खंदक' झाला आणि फिरत फिरत आपल्याकडे आला. आपलं 'खणणे'ही दूरच्या नात्याने त्याच कुळातलं. शब्दात फक्त खणलेलं असणं आहे. आत पाणी आहे की माणसं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. खुद्द त्या जर्मन पोरांच्या भाषेतही तेच आहे. गढीभोवतीचा तो 'बुर्गग्राबेन' आणि बंदूकवाल्यांचा तो 'श्युत्सेनग्राबेन'. ग्राबेन एकच.

'चर' मला तिथे पटत नाही. चर पायासाठी खणतात, नाहीतर डोंगरउतारावर पाणी जिरवायला. 'चरात बसून गोळीबार केला' म्हटलं की पाणलोटाच्या कामावर भांडण झाल्यासारखं वाटतं!

खरी गंमत 'मोर्चा'ची. हा फार्सी 'मूर्चाल'. वेढा घालणारं सैन्य आडोशाला खणून, माती रचून बसायचं, ती जागा म्हणजे मोर्चा. किल्ल्याला मोर्चे लावले, असं जुन्या मराठीत म्हणत ते याच अर्थाने. म्हणजे ट्रेंचला सगळ्यात जवळचा शब्द आपल्या घरातच होता. पण आज मोर्चा निघतो तो कलेक्टर कचेरीवर, आणि जुना अर्थ 'मोर्चेबांधणी'त जेमतेम तग धरून आहे. हिंदीत मात्र 'पश्चिमी मोर्चा' म्हणजे अजून वेस्टर्न फ्रंटच. आपण त्याला 'पश्चिम आघाडी' म्हणतो, पण आघाडीलाही राजकारणाने कधीच पळवलंय.

एका ठिकाणी मात्र खंदक चालणार नाही. चित्रपटाचा नायक पाउल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि तो मरेपर्यंत त्याच्याशेजारी अडकून पडतो, तो प्रसंग आठवा. ती जागा म्हणजे तोफगोळ्याने पडलेला खड्डा, दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधल्या उघड्या जमिनीवरचा. तिथे 'खंदक' लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, मग हा पोरगा आपल्या माणसांकडे सरपटत का जात नाही? वर डोकं काढायची सोय नाही, हीच तर त्या प्रसंगाची कोंडी आहे. तिथे साधं 'खड्डा' लिहा.

आणि खंदकाच्या पोटात आणखी खोल खणून, वर लाकडं-माती टाकून केलेला जो आसरा, त्याला 'बंकर' म्हटलं तर कुणाचंही अडत नाही.