तिसऱ्या घंटेनंतरची हवा : वाचकांचे प्रश्न

पहिल्या अंकात शाल लपेटून बसावं लागतं आणि दुसऱ्या अंकात घाम फुटतो. एसी तोच, मग असं का? (एक प्रेक्षक, ठाणे)

कारण दुसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षकांनीच हॉल तापवलेला असतो. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. हजार प्रेक्षक म्हणजे 100 किलोवॅट, म्हणजे नुसत्या माणसांसाठी सुमारे 28 टनांचा एसी. (एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. माप बर्फाच्या जमान्यातलं आहे: टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी.) रंगमंचावरचे दिवे, छत, भिंती यांचा हिशेब वेगळाच. शिवाय या हजार जणांच्या श्वासातून आणि घामातून तासाला 40 ते 45 लिटर पाणी हवेत मिसळतं. थर्मामीटर 25 दाखवतो आणि तरी अंग चिकचिकतं, ते या पाण्यामुळे.

बहुतेक ठिकाणी रिकामा हॉल 19-20 अंशांपर्यंत गार करून ठेवतात आणि गारवा झाला म्हणून एक कॉम्प्रेसर बंद करतात. नेमके तेव्हाच प्रेक्षक आत येतात. तक्रार आल्यावर तो पुन्हा सुरू केला तरी परिणाम जाणवेपर्यंत मध्यंतर होतं. माझा सल्ला असा: प्रयोगाच्या तासभर आधी प्लांट सुरू करा, तिसऱ्या घंटेला 23-24 अंश असू द्या आणि दारं उघडल्यापासून सगळे कॉम्प्रेसर तयार ठेवा.

आणि बाहेरच्या हवेचा डॅम्पर, म्हणजे ताजी हवा आत घेणारी झडप, उघडा ठेवा. बिल वाचवायला तो बंद करतात, याचा मला मनापासून राग येतो. माणशी सात घनमीटर जागा असलेल्या भरल्या हॉलमध्ये ताजी हवा येतच नसेल, तर कार्बन डायऑक्साइड तासाभरात अडीच हजार पीपीएमने (हवेच्या दर दहा लाख भागांत अडीच हजार भागांनी) वाढतो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. दुसऱ्या अंकातल्या सगळ्याच जांभया नाटकामुळे येत नाहीत.

हळव्या प्रसंगात एसीची घरघर ऐकू येते. व्यवस्थापक म्हणतात, तेवढा वेळ बंद करू. करावा का? (एक दिग्दर्शक, पुणे)

करू नका. घरघर एकदम थांबली की प्रेक्षकांचं लक्ष त्या शांततेकडे जातं, आणि पुन्हा सुरू झाली की दचकायला होतं. दहा मिनिटांत हॉल कोंदतो तो वेगळा.

आवाजाचं मूळ बहुधा वेगात असतं. हवा अरुंद डक्टमधून (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळातून) रेटली की ती शिट्टी घालते. डक्टमधला वेग निम्मा केला तर हवेचा आवाज 15 डेसिबलच्या आसपास उतरतो, म्हणून नाट्यगृहाला मोठे डक्ट आणि मोठ्या जाळ्या लागतात. ऑफिसच्या मापाचे डक्ट बसवून वर टनांवर टन वाढवत गेलं, तर नटाचा दबका सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारच नाही. रिकाम्या नाट्यगृहात प्लांट चालू असताना 25 ते 30 डेसिबलच्या वर आवाज नसावा.

डक्ट बदलणं शक्य नसेल तर ब्लोअरला, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणाऱ्या पंख्याला, वेग बदलणारा ड्राइव्ह बसवा. वेग 20 टक्क्यांनी कमी केला की ब्लोअरची वीज जवळजवळ निम्मी होते आणि आवाज पाचेक डेसिबलने उतरतो. नवं नाट्यगृह बांधत असाल तर खुर्च्यांखालून 19-20 अंशांची हवा अगदी सावकाश सोडा. ती माणसाभोवती तापून आपोआप वर जाते, आणि वरून बारा-तेरा अंशांचा झोत डोक्यावर मारायची गरज राहत नाही.

एका नाट्यगृहात बाल्कनीच्या मागच्या रांगांत सतत घुमणारा आवाज होता. सायलेन्सर बदलून झाले होते. मी प्लांट रूममध्ये उकिडवा बसून पाहिलं, तर ब्लोअरखालच्या चारपैकी दोन स्प्रिंगांच्या जागी विटा! स्प्रिंग मोडल्यावर कुणीतरी तात्पुरत्या ठेवलेल्या, त्या तशाच राहिलेल्या. ब्लोअरची थरथर विटांतून थेट स्लॅबमध्ये उतरत होती. ब्लोअर आणि डक्ट यांच्यामधली कॅनव्हासची बाही तिच्यावर रंगाचे थर चढून पत्र्यासारखी कडक झालेली. नव्या स्प्रिंगा, नवी बाही, आणि आवाज गेला.

आत जुळवून आणलेला तबला रंगमंचावर चढतो. दोष एसीचा का? (एक तबलावादक, फोंडा)

हो. एसीच्या कोरड्या हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) ताणली जाते आणि तबला चढतो, दमट मेकअप रूममध्ये तो उतरतो. तानपुऱ्याच्या तारा गारव्याने आखडून चढतात, दिव्यांच्या धगीत उतरतात. बासरीचं उलटं, गार हवेत ती उतरते. पेटी मात्र जवळजवळ हलत नाही, म्हणून सगळी वाद्यं तिच्याशी भांडतात. वाद्यं अर्धा तास आधी रंगमंचावर, दिवे लावून ठेवा आणि तिथेच जुळवा. बसायची जागा एसीच्या झोताखाली नको.

आमच्या गावच्या सभागृहाला एसी परवडत नाही. मोठे कूलर लावले तर? (एक मंडळ, कुडाळ)

अकोल्यात मे महिन्यात मी लगेच हो म्हटलं असतं. कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं आणि गारवा देतं. कोकणची हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे कूलर फक्त दमटपणा वाढवेल. तुम्ही हवा खेळती ठेवा: वाऱ्याच्या बाजूला खाली झरोके, समोरच्या भिंतीत छताजवळ मोठे, सावकाश फिरणारे एक्झॉस्ट. छपराखाली उष्णतारोधक थर द्या.

आग लागली तर एसी चालू ठेवावा का? (एक बॅकस्टेज कामगार, मुंबई)

मुळीच नाही. धूर दिसताच प्लांट बंद, नाहीतर डक्ट तोच धूर प्रेक्षकांवर सोडतील. धूर रंगमंचाच्या वरून बाहेर जायला हवा. शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये 30 डिसेंबर 1903 ला दुपारच्या खेळात सहाशेहून जास्त माणसं गेली. रंगमंचावरच्या छतातल्या झडपा बंद होत्या, आणि धूर व ज्वाळा प्रेक्षागृहात, बाल्कनीकडे लोटल्या. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा प्रेक्षक नव्हते म्हणून जीव वाचले.

तुमच्या नाट्यगृहात अशी झडप असेल तर महिन्यातून एकदा वर चढून ती हाताने उघडून बघा. गंज धरला असेल किंवा तिच्या दोरीत जुना नेपथ्याचा तागा अडकला असेल, तर त्या दिवशीचा प्रयोग सुरू होण्याआधी मोकळी करून घ्या.