शाळेत शहाणी, घरी आल्यावर रडारड

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी ६ वर्षांची आहे, यंदाच पहिलीत गेली. शाळेत बाई म्हणतात एकदम गुणी आहे, काही त्रासच नाही तिचा, आणि घरी दारातून आत आली की ५ मिनिटांत काहीतरी कारण काढून रडायला सुरुवात. काल बुटाची गाठ सुटेना म्हणून बूट भिरकावला आणि अर्धा तास तिथेच जमिनीवर पडून रडली. आज काय शिकवलं विचारलं की 'काही नाही' एवढंच. सकाळी तर उठतच नाही, मग मी ओरडते आणि दिवसभर ऑफिसात मलाच वाईट वाटत राहतं. शाळेत काही होत असेल का? की आमचंच कुठेतरी चुकतंय?

उत्तर : आधी एक श्वास घ्या, बाई खोटं बोलत नाहीयेत आणि तुमचंही काही बिघडलेलं नाही. ६ वर्षांचं पोर चार-पाच तास एका जागी बसतं, हात वर करून मग बोलतं, खेळायला आपला नंबर येईपर्यंत थांबतं, रडू आलं तरी गिळतं, हे सगळं तिने शाळेत नीट केलं म्हणून तर बाई गुणी म्हणतायत. ते सगळं साठलेलं बाहेर काढायला तिला एकच जागा आहे, ती म्हणजे तुम्ही. बुटाची गाठ हे नुसतं निमित्त.

म्हणून घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास तिला काही विचारू नका. पाणी, थोडं खाणं, आणि वाटलं तर नुसतं शेजारी बसणं, बस. 'आज काय शिकवलं' हा प्रश्न तर मी घरातून हद्दपारच करेन. त्यापेक्षा रात्री अंथरुणात पडल्यावर 'आज शेजारी कोण बसलं होतं' असं विचारून बघा, पोरं तिथून जी सुरू होतात ती थांबत नाहीत.

आणि एक करा, आज तिची पाण्याची बाटली उघडून बघा. माझा मुलगा पहिलीत असताना बाटली रोज भरलेलीच परत यायची, मला वाटायचं विसरतो. नंतर कळलं की शाळेतल्या बाथरूमची त्याला भीती वाटायची, आत गेलो आणि कडी अडकली तर, म्हणून तो पाणीच प्यायचा नाही, आणि सू दाबून घरी यायचा तो थेट रडायलाच लागायचा. बरीच मुलं असं करतात आणि सांगत नाहीत. तसं दिसलं तर बाईंशी बोला, सोबत कोणीतरी जाईल एवढी सोय झाली तरी खूप फरक पडतो.

आता सकाळचं. सकाळची भांडणं आदल्या रात्रीच ठरलेली असतात हे माझं ठाम मत आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. तिला साडेसहाला उठायचं असेल तर साडेआठला झोप लागली तरच १० तास होतात, आणि झोप लागायला अंथरुणात पडल्यापासून २०-२५ मिनिटं जातातच, म्हणजे आठला दिवे कमी. आत्ता दहाला झोपत असेल तर एकदम आठवर आणू नका, कुढत पडून राहील, तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे असं सरकवत न्या. झोपायच्या आधी तासभर मोबाईल-टीव्ही बंद, तुमचाही. रविवारी तासाभरापेक्षा जास्त लोळू देऊ नका, नाहीतर सोमवारी परत पहिले पाढे पंचावन्न. दप्तर, युनिफॉर्म आणि मोजे रात्रीच खुर्चीवर, मोजे आवर्जून म्हणते कारण ऐनवेळी दुसरा मोजा कधीच सापडत नाही.

काळजी कधी करायची तेही सांगते. शाळेच्या दिवशी रोज सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीला दुखत नाही, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, मैत्रिणींची नावं घेणं थांबलं, असं काही असेल तर वाट बघू नका, बाईंना भेटा. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणत असेल किंवा फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल तर डोळेही तपासून घ्या, पहिलीत बऱ्याच मुलांचा चष्मा असाच लक्षात येतो.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा, शाळा सुरू झाल्यापासून दर १५ दिवसांनी सर्दी. आमच्या दोघांच्या रजा संपत आल्या. शाळेत लवकर घातलं का? – एक बाबा

उत्तर : नाही हो बाबा. या वयात वर्षाला ६ ते ८ सर्द्या होणं नॉर्मल आहे, पहिल्यांदाच मुलांच्या घोळक्यात गेलेल्याला त्याहून जास्तही होतात, आणि एकेकीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो म्हणून सारखाच आजारी वाटतो. साध्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, तेव्हा डॉक्टरांकडे त्याचा हट्ट धरू नका. नुसतं नाक वाहतंय, खेळतोय, खातोय तर शाळेत जाऊ दे. ताप असेल तर घरी, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नाही असं झाल्यावरच पाठवा. श्वास जोरजोरात चालतोय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, पाणीसुद्धा घेत नाही किंवा गळून पडलाय, तर मात्र लगेच डॉक्टर. रजेचं म्हणाल तर पुढच्या आजारपणात कोण थांबणार हे आजच दोघांनी बसून ठरवा, सकाळी सात वाजता तापलेलं पोर कडेवर घेऊन ते ठरवायला गेलं की भांडणच होतं.