स्किमर बदलण्याआधी सम्पमधली पातळी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन फूट बाय दीड बाय दीडचा खाऱ्या पाण्याचा टँक, खाली तीन कप्प्यांचा सम्प (टँकचं पाणी गाळून परत वर पाठवणारी टाकी), दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक गोबी, बाकी झोआ, मश्रूम आणि एक लेदर हे मऊ कोरल. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र, शेवटच्या कप्प्यात, पाणी वर टँकमध्ये पाठवणाऱ्या रिटर्न पंपाशेजारी. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही हाताने गोडं पाणी घालता, मग रात्री कप भरून वाहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फेस गळ्यापर्यंतसुद्धा चढत नाही. रोज स्किमरचं आउटलेट (पाणी बाहेर सोडणारा, कमी-जास्त उघडता येणारा पाइप) फिरवून तुम्ही कंटाळलात, आणि दुकानदार म्हणतोय की हा लहान पडतोय, ८०० लिटरवाला घ्या.

तो घेऊ नका. तुमच्या स्किमरमध्ये बिघाड आहे असं मला अजिबात वाटत नाही. वेळा बघा ना: पाणी घातलं की उतू जातो, पाणी उडालं की बसतो. तो इमानेइतबारे सम्पमधल्या पातळीच्या मागे चाललाय. ८०० लिटरवाला आणून त्याच जागी ठेवलात तर तोही हेच करेल, फक्त कप मोठा असल्यामुळे जास्त पाणी सांडेल.

सम्पच्या पहिल्या दोन कप्प्यांतली पातळी मधल्या काचेच्या उंचीवर ठरते. टँकमधून कितीही पाणी उडालं तरी तिथे ती हलत नाही. सगळी घट शेवटच्या कप्प्यात दिसते. तुमचा शेवटचा कप्पा समजा २५ बाय ३० सेंटिमीटरचा आहे. एक लिटर पाणी उडालं की तिथली पातळी सव्वा सेंटिमीटरहून जास्त उतरते. एप्रिल-मेमध्ये इंदूरची हवा किती कोरडी असते ते तुम्हाला सांगायला नको. टँक थंड ठेवायला वरून पंखा सोडला असेल तर दिवसात तीन लिटर सहज उडतात, म्हणजे चार सेंटिमीटर. स्किमरच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या आधारानेच उभं असतं. बाहेर चार सेंटिमीटर उतरलं की आतही जवळपास तेवढंच उतरतं. आपण मात्र आउटलेट फिरवतो ते दोन-दोन मिलिमीटरने! या खेळात स्क्रू कधीच जिंकणार नाही.

तर पहिलं काम, स्किमर मधल्या कप्प्यात आणा. तिथे पाण्याची खोली पट्टीने मोजा आणि स्किमरच्या कागदावर किती मागितली आहे ते बघा. बहुतेक इन-सम्प स्किमरना १५ ते २२ सेंटिमीटर लागते, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, तोच धरा. पाणी जास्त खोल असेल तर खाली पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि त्यावर दिव्यांना लावतात ती प्लॅस्टिकची जाळी ठेवून स्किमर उचला. धातूचं काही नको. पाणी कमी असेल तर मधली काच उंच करावी लागेल, तीही सिलिकॉनने पट्टी चिकटवून होते. सिलिकॉन साधं घ्या, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमवालं नाही.

दुसरं, ऑटो टॉप-ऑफ बसवा, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय. साधा फ्लोट-व्हॉल्व्ह असला तरी चालेल. शेजारी आरओ-डीआयच्या (क्षार काढलेल्या) पाण्याचं झाकणबंद पिंप. स्किमर मधल्या कप्प्यात गेल्यावर त्याला याची गरज उरत नाही, पण कोरलना आहे, कारण हाताने एकदम तीन लिटर गोडं पाणी ओतल्यावर मिठाचं प्रमाण हेलकावे खातं. आणि ते पाणी आरओ-डीआयचंच हवं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, बोअरचं तर इतकं जड की त्याबद्दल बोलायलाच नको. क्लोरीन मारायला बाटलीतलं कंडिशनर घालत असाल, तर रात्री कप वाहण्यामागे त्याचाही हात असू शकतो. माशांच्या अंगावरच्या चिकट आवरणासाठी म्हणून त्यात जे काही घातलेलं असतं त्याने स्किमर तासन्‌तास फेसाळतो.

आता वीज. तुम्ही लिहिलंय की लाइट जाऊन आली की हमखास सांडतं. रिटर्न बंद झाल्यावर टँकमधलं पाणी खाली सम्पमध्ये येतं आणि सगळ्याच कप्प्यांत पातळी चढते. लाइट आल्यावर स्किमर त्या चढलेल्या पातळीवर सुरू होतो, आणि रिटर्न पंपाने पाणी वर नेईपर्यंतच्या मिनिटा-दोन मिनिटांत कप भरतो. स्किमरच्या प्लगला उशिरा चालू होणारा टाइमर लावा, फ्रिजसाठी मिळतो तसला. कपाला खालून नळी असेल तर ती पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडा, कॅनच्या झाकणाला हवेसाठी भोक ठेवा.

खरेदीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, जरी माझ्या मते तुम्हाला आज गरज नाही. बॉक्सवरचा लिटरचा आकडा बहुतेक वेळा कमी माशांच्या टँकचा असतो. चांगले उत्पादक हलका, मध्यम आणि जड असे तीन आकडे देतात. त्यातला जड बायोलोडचा (माशांच्या घाणीच्या भाराचा) आकडा तुमच्या पाण्याइतका असला की पुष्कळ झालं. तुमची काच १९० लिटरची, दगडाने व्यापलेली जागा वजा, सम्प मिळवला, म्हणजे धरा २०० लिटर. चार लहान मासे. कोरल वाढवलेत म्हणून स्किमरवरचा भार फारसा वाढत नाही, भार वाढतो तो माशांनी आणि त्यांच्या खाण्याने. (कोरलचा विषय निघालाच आहे तर: कठीण कोरल घेताना आयातीचे कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्या समुद्रातले कठीण कोरल आणि सी-फॅन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते विकणंही गुन्हा आणि घेणंही.)

अवाजवी मोठा स्किमर का नको, हे मला ठासून सांगायचंय, कारण आपल्याकडे मोठा म्हणजे चांगला असं समीकरण झालंय. पाण्यातल्या काही सेंद्रिय रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू बुडबुड्याच्या कडेवर जाऊन बसतात आणि फेसाला टिकाऊ करतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून हे यंत्र तिथेच चालतं. पण फेस गळ्यातून चढायचा तर त्याला धरून ठेवायला तेवढे रेणू हवेत. रुंद गळ्यात, चार माशांच्या टँकमध्ये, तेवढे येतच नाहीत. फेस अर्ध्यावर येऊन फुटतो, आणि लोक म्हणतात स्किमर बेकार आहे.

आणि स्किमर सगळं काढतो हाही समज सोडा. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास स्किमरांची रीतसर मोजमापं केली. पाण्यातल्या मोजता येणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच स्किमर काढू शकतो, असं त्यांना दिसलं. बाकीच्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, दगडावरचे जिवाणू आणि पाणी बदलणं हेच मार्ग. तयार झालेलं नायट्रेट तर स्किमर काढतच नाही. ते तयार होण्याआधीची घाण काढतो, एवढंच. म्हणून दुकानदाराचं "मोठा लावा, नायट्रेट शून्य होईल" हे ऐकू नका. तुमच्या मऊ कोरलना शून्य नायट्रेट नकोच आहे.

तरीही पुढे कधी नवा घेतलात, तर नीडल-व्हीलवाला (पंपाच्या चक्रीला काटे असलेला) घ्या आणि पंपाच्या पट्टीवर २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय याची खात्री करा. इथे पुष्कळांचे भाचे-पुतणे अमेरिकेत आहेत, येताना स्किमर घेऊन येतात. तिथला पंप ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, हर्ट्झ जुळत नाही. एसी पंप इथे सहाव्या हिश्शाने हळू फिरतो आणि हवा कमी ओढतो. डीसी पंप असेल तर ही भानगड नाही, वेग कमी-जास्त करता येतो आणि बॅटरीवरही नीट चालतो. घरचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर-वेव्हवाला असेल तर त्यावर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात, त्यांना साइन-वेव्ह हवा. घेण्याआधी इम्पेलर (पंपातली फिरणारी चक्री) सुटा मिळतो का ते विचारा. दोन वर्षांनी तोच लागतो.

आता ट्यूनिंग. स्किमर नव्या जागी आला की आउटलेट पूर्ण उघडा, म्हणजे आतली पातळी सगळ्यात खाली येईल. चालू करा आणि एक तास हात लावू नका. मग बाजूने टॉर्च मारून बघा. अंगात पांढरं, ढगाळ पाणी दिसेल, त्यात बुडबुडे सुटे-सुटे फिरत असतात. त्याच्या वर एक रेघ दिसते, जिथे सुटे बुडबुडे संपतात आणि एकमेकांना चिकटलेल्या, कोपरे असलेल्या बुडबुड्यांचा फेस सुरू होतो. ही रेघ ओळखता आली की ट्यूनिंग आलं. ती गळा जिथे अंगाला मिळतो तिथे, किंवा किंचित वर हवी. खाली असेल तर आउटलेट थोडं बंद करा, घड्याळाचा मिनिटकाटा दोन-तीन मिनिटांत जेवढा सरकतो तेवढंच. पाइपवर आणि कॉलरवर मार्करने रेघ ओढा, म्हणजे कुठून कुठे आलो ते कळतं. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा. दर तासाला फिरवणाऱ्याचा स्किमर कधीच लागत नाही, कारण फेसाला नव्या पातळीवर स्थिरावायला वेळ लागतो.

स्किमर अगदी नवा असेल तर तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत तो वेड्यासारखा वागेल. प्लॅस्टिकवर कारखान्यातला तेलकटपणा असतो, तो जाऊन आतून जिवाणूंचा पातळ थर बसेपर्यंत फेस बेभरवशाचा. आधी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर चालवून धुतला तर हा काळ कमी होतो.

ओला काढायचा की सुका, यावर वाद होतात. सुका म्हणजे गडद हिरवट-तपकिरी, घट्ट, घाण वासाचा गाळ, ओला म्हणजे कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. तुमच्यासाठी मी सुक्याच्या बाजूला झुकेन. ओल्यात रोज अर्धा लिटर खारं पाणी कपात जातं आणि टॉप-ऑफ त्याच्या जागी गोडं भरतं. २०० लिटरमध्ये आठवड्याला मिठाचं प्रमाण ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग) ३४.४ होतं. महिनाभर मोजलं नाही तर कोरल तुम्हाला सांगतील. पाणी जेव्हा खरंच घाण असेल, एखादा मासा दगडामागे मेला असेल, तेव्हा बिनधास्त ओला काढा आणि मीठ भरून द्या.

स्क्रूला हात लावू नये असे प्रसंगही लक्षात ठेवा. फ्रोझन किंवा तेलकट खाणं घातल्यावर फेस काही तास बसतो, आपोआप परत येतो. कोरल चिकटवायच्या इपॉक्सीने उलट, एक-दोन दिवस उतू जाणाऱ्या दुधासारखा वर येतो. त्या दिवशी कप काढून ठेवा किंवा स्किमर बंद ठेवा, पण मग पाणी हलतं ठेवायला दुसरी सोय करा. हातावर क्रीम लावून टँकमध्ये हात घातला तरी फेस पडतो.

हवेचा मुद्दा आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लहान स्किमरसुद्धा ताशी दोन-तीनशे लिटर हवा पाण्यात घुसळतो. खोलीत जे असेल ते पाण्यात जातं. डासांच्या लिक्विडमधलं ट्रान्सफ्लुथ्रिन आणि झुरळांच्या फवाऱ्यातली त्याच जातीची औषधं माशांना विषारी, कोळंबी आणि खेकड्यांना तर फारच. टँकच्या खोलीत ती वापरूच नका. दिवाळीआधीचा ऑइलपेंट, फर्निचरचं पॉलिश, रोजची उदबत्ती, हेही त्यातच. स्किमरची हवा ओढणारी नळी खिडकीबाहेर काढली तर बरंच निभतं. मे महिन्यात एसी लावून दारं-खिडक्या बंद केल्या की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच ७.८ पर्यंत घसरतो, बाहेरची हवा दिली की तो सावरतो. मात्र राजवाड्याच्या आसपास घर असेल तर रंगपंचमीच्या गेरीच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) दिवशी नळी आत घ्या. तो गुलाल तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत उडतो. एरवीही नळीच्या तोंडाला स्पंजचा तुकडा हवा. आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथल्या पाण्यात मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी ऑक्सिजन विरघळतो. रात्री, दिवे बंद असताना, ही तूट जाणवते. नायट्रेट फार उतरलं म्हणून स्किमर काही तास बंद ठेवायचाच असेल तर दिवसा ठेवा, रात्री नाही.

देखभाल थोडीच आहे. दोन-तीन दिवसांनी गळ्याच्या आतला चिकट लेप कापडाने पुसायचा. तो राहिला की फेस चढता चढता तिथेच मोडतो. साबण नाही. आठवड्यातून एकदा, स्किमर चालू असतानाच, हवेच्या नळीचं टोक कपभर कोमट आरओ पाण्यात बुडवायचं, तो ते ओढून घेतो आणि व्हेंचुरीत (हवा ओढणाऱ्या अरुंद तोंडात) साठलेलं मीठ विरघळतं. हवा हळूहळू कमी झाली की नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं. दोन-तीन महिन्यांनी पंप खोलून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवा, किराणा दुकानात मिळतं तेच. इम्पेलरच्या काट्यांवरचा चुन्याचा थर निघून जातो.

स्किमर मधल्या कप्प्यात हलवल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या. त्यानंतरही फेस लागत नसेल तर तिथल्या पाण्याची खोली, पंपाचं मॉडेल, मीठ किती आहे आणि नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे कळवा, सोबत टॉर्च मारून काढलेला गळ्याचा फोटो टाका. त्या फोटोत रेघ कुठे आहे ते दिसलं की पुढचं सांगता येईल.