मुंबईतल्या हॉटेलांबद्दल लिहायचं असेल तर सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परळला नोकरी करता, खाण्याची आवड आहे, मुंबईतल्या हॉटेल-खानावळींबद्दल लिहावंसं वाटतं. पण सगळं आधीच लिहून झालंय असं वाटतं. शिवाय फुकट जेवणाचं आमंत्रण आलं तर घ्यावं का, वाईट अनुभव लिहावा का आणि मराठीत लिहिलं तर कोण वाचणार, हेही विचारलंय. मी बरीच वर्षं हा उद्योग करतेय, नोकरी सांभाळून आणि स्वतःच्या पैशानं. त्यामुळे मत देण्याचा थोडाफार हक्क आहे असं समजते.

सगळं लिहून झालंय हे निम्मं खरं आहे. ब्रिटानियाचा बेरी पुलाव, क्यानीचा ब्रुन मस्का, मामा काण्यांचा बटाटवडा यांवर आणखी एक कौतुकाचा लेख कुणालाही नकोय. क्यानी १९०४चं, मामा काणे १९१०चं, ब्रिटानिया १९२३चं, हे आता कॉलेजातली पोरंही सांगतात. दादरच्या आस्वाद हॉटेलातल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हापासून शिवसेना भवनासमोरच्या त्या रांगेचे फोटो किती जणांनी टाकले असतील! दादरकर मात्र आधीही तिथं जात होते आणि मिसळीइतक्याच मायेनं थालीपीठ मागवत होते.

पण या सगळ्या लिखाणात एक गोष्ट जवळपास कुणीच लिहीत नाही: किती वाजता गेलो होतो.

कुठलंही हॉटेल दिवसभर एकसारखं नसतं. तुम्हाला लिहायचं असेल तर हे एवढं एक धरून ठेवा, बाकी आपोआप जमेल. बटाटवडा घाण्यातून निघाल्यावर पाच मिनिटांत खाल्ला तर एक पदार्थ, परातीत तासभर पडून राहिलेला खाल्ला तर दुसरा. म्हणून जाणती माणसं गल्ल्यावर पैसे द्यायच्या आधी "नवा घाणा कधी?" असं विचारतात आणि थांबतात. उडप्याकडची इडली सकाळी साडेसातला वाफाळती असते. अकराला तीच इडली कडेनं सुकायला लागलेली असते. मिसळीचा रस्सा तर दिवसभर बदलत जातो. पहिल्या पातेल्याची तर्री वेगळी. गर्दी वाढली की त्यात पाणी आणि तिखट पडत राहतं आणि दीडच्या सुमाराला जो येतो त्याला नुसता जळजळीत रस्सा मिळतो. त्यानं घरी जाऊन "ओव्हररेटेड" असं लिहिलं तर तो खोटं बोलत नाही आणि सकाळी आठला जाऊन पाचपैकी पाच तारे देणाराही खोटं बोलत नाही. दोघांनीही वेळ लिहिली असती तर वाचणाऱ्याचं भलं झालं असतं.

मासे खात असाल तर वेळेच्या जोडीला महिनाही लिहा. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी त्याआधी, १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या ताटातली सुरमई बरेचदा बर्फातून, पार तिकडच्या किनाऱ्यावरून आलेली असते, नाहीतर मे महिन्यात साठवून ठेवलेली असते. यात फसवणूक काहीच नाही, धंदा चालवायचा तर दुसरं करणार काय. पण जुलैत पापलेट खाऊन "समुद्राची ताजी चव" असं लिहिणाऱ्यानं निदान वेटरला विचारायला हवं होतं. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नसते, खाडीतलं मिळतंच. चांगल्या मालवणी खानावळीत या दिवसांत फळ्यावर चिंबोऱ्या, सुका जवळा, सुक्या बांगड्याची किसमूर असं काही लिहिलेलं दिसलं की समजावं, इथला स्वयंपाक बाजार बघून होतो. जिथं बारा महिने तोच छापील कागद आणि पापलेटसमोर "साइजप्रमाणे", तिथं आधी दर विचारा आणि मग मागवा.

थोडं बारकाईनं बघायची सवय लावा. दोन उदाहरणं देते.

पहिलं सोलकढीचं. ताट यायच्या आधी ती मागवा आणि वाटी पाच-सात मिनिटं तशीच राहू द्या. नारळाचं ताजं दूध असेल तर ते थोडं फाकतं, वर दाट साय आणि खाली पातळ पाणी. रंग फिकट गुलाबी-जांभळट असतो. वाटी तासभर ठेवली तरी एकजीव आणि वर लाडूच्या डब्यासारखी भडक गुलाबी दिसली, तर आत पावडर आणि रंग असण्याची शक्यता बरीच. लसूण कच्ची लागते की नाही, मिरची ठेचलेली आहे की नुसती तरंगतेय, हेही बघा.

दुसरं बोंबलाचं. ओल्या बोंबलात पाणी इतकं असतं की तो तसाच तव्यावर टाकला तर लगदा होतो. म्हणून मधला काटा काढून, उघडून, वर पाटा किंवा काहीतरी जड ठेवून तो दाबून पाणी काढतात. हे काम वेळखाऊ, त्यामुळे गर्दीच्या खानावळीत पहिलं तेच गाळलं जातं. तुमच्या ताटात आलेला बोंबील चपटा, बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा असेल तर आत कुणीतरी सकाळपासून राबलंय. जाडजूड कवच आणि आत पाणचट गर असेल तर दाबलेला नाही आणि ते लपवायला रवा जास्त लावलाय. हे दोन ओळींत लिहिलंत तर वाचणाऱ्याला "अप्रतिम बोंबील फ्राय"पेक्षा शंभरपट जास्त कळेल. अप्रतिम, लाजवाब, तोंडाला पाणी सुटलं, एकदा तरी जायलाच हवं, हे सगळं लिहिताना खोडत चला. खमंग, ओशट, मिळमिळीत, करपट, खवट, फुळकवणी असे शब्द घरात रोज बोलतो, ते लिहिताना कुठे जातात कोण जाणे.

तुम्ही परळचे म्हणून आणखी एक सुचवते. गिरणगावातल्या खानावळींचं अजून पुष्कळ लिहायचं राहिलंय. गिरणीत काम करणारा एकटा माणूस महिन्याच्या हिशेबावर कुणा बाईच्या घरी जेवायचा, तिचा "मेंबर" असायचा. या बाया सावकाराकडून पैसे उचलून डाळ-तांदूळ भरायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच, म्हणजे त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मग १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, कितीतरी मेंबर गावाला निघून गेले आणि त्यांच्याबरोबर मागची उधारीही. तुमच्या ऑफिसच्या आसपास जी दोन-चार टेबलांची खानावळ आहे, तिथं जेवण झाल्यावर, गर्दी ओसरली की विचारा: हे कधीपासून, आधी कोण करायचं, आत कोण आहे. काही सांगतील, काही कपाळाला आठ्या घालतील. सांगितलं तरी छापू का हे विचारूनच छापा; नाव, फोटो, घरचं काही असेल तर जास्तच. आणि हो, दुपारी एक ते दोन या वेळात टेबल अडवून ताटाचे फोटो काढू नका. समोर उभा असलेला माणूस अर्ध्या तासाच्या सुट्टीत आलेला असतो.

आता फुकट जेवणाचं. हजार-दोन हजार लोक वाचायला लागले की आमंत्रणं येतात. धंद्यातला शब्द "बार्टर": जेवण त्यांचं, पोस्ट तुमची. पुढे "पेड कोलॅब", म्हणजे पैसे घेऊन पोस्ट. माझं उत्तर नाही असंच असतं आणि यात साधूपणा काही नाही. आमंत्रित माणसाच्या ताटात काय येतं ते मी पाहिलंय. मोठा तुकडा, ताजं तेल, शेफ स्वतः बाहेर येऊन विचारतो. त्यावरून हॉटेलाबद्दल लिहिणं म्हणजे व्याह्यांच्या पंगतीला बसून अख्ख्या लग्नाच्या जेवणाचं मत देणं. शेवटच्या पंगतीला काय मिळालं ते वेगळंच असतं आणि तुमचा वाचक शेवटच्या पंगतीतला आहे.

तरी घ्यायचंच असेल तर पहिल्याच ओळीत सांगा. ही आता नुसती सभ्यतेची गोष्ट राहिलेली नाही. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ साली आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी नियम सांगितले. पैसेच नव्हेत, फुकट वस्तू, सवलत, सहल यांतलं काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे, मजकुराच्याच भाषेत जाहीर करायचं. ढीगभर हॅशटॅगांच्या तळाशी लपवलेलं चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. प्रत्यक्षात दर महिन्याला "हिडन जेम" शोधणाऱ्या किती जणांच्या पोस्टवर असा खुलासा दिसतो, ते तुम्हीच बघा.

वाईट अनुभव लिहावा का? लिहावा, पण कुणाबद्दल आणि कसा ते बघून. नवराबायको मिळून चालवत असलेल्या पाच टेबलांच्या जागेत आमटी खारट झाली तर मी लिहीत नाही, जाताना सांगून येते. दोन माणसांचं साडेतीन-चार हजार बिल करणाऱ्या ठिकाणाला ही सूट नाही. तिथंसुद्धा एका भेटीवर निकाल देत नाही. दुसऱ्या वारी, दुसऱ्या वेळेला जाऊन येते. लिहिताना जे तुमच्या जिभेला कळलं तेवढंच लिहा. "मटण चिवट होतं, दोन तुकडे बाजूला काढून ठेवले" हा अनुभव झाला. "शिळं मटण वाढतात" हा आरोप झाला, तो सिद्ध करायची वेळ आली तर तुमच्याकडे काय आहे? अब्रुनुकसानीचं कलम नव्या न्याय संहितेतही आहेच. मलाही एकदा एका हॉटेलातून फोन आला होता, आधी गोड, मग वकिलाचं नाव काढून. मी बिलाचा फोटो पाठवला आणि लेखातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते विचारलं. पुन्हा फोन आला नाही.

म्हणून बिल जपून ठेवा आणि तेही वाचा. जानेवारी २०२२पासून बिलावर अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक असावा लागतो. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. कुणी लावत असेल तर लेखात एक ओळ जरूर टाका. वाचक त्या ओळीचे आभार मानतात, चवीच्या वर्णनाचे फारसे नाहीत.

राहिला मराठीचा प्रश्न. मुंबईत इंग्रजीतून हे लिहिण्याची परंपरा मोठी आहे. बेहराम काँट्रॅक्टर म्हणजे बिझीबी, २००१ साली गेले, पण त्यांच्या खाण्यावरच्या लेखांची आठवण काढणारे अजून भेटतात. इंग्रजीत तुम्ही त्या गर्दीत आणखी एक असाल. मराठीत वाचक कमी पण चिकट, आणि त्यांचे प्रश्न फार कामाचे असतात. मी एकदा माटुंग्याच्या रामा नायकांच्या उडपी खानावळीबद्दल लिहिलं, १९४२ची, केळीच्या पानावरचं जेवण, रसम, सगळं. खाली पहिला प्रश्न: "पहिल्या मजल्यावर आहे ना? लिफ्ट आहे का? आईचे गुडघे दुखतात." दुसरा: "रांगेत बसायला बाक आहे का?" एकीनं विचारलं की सासऱ्यांना कांदा-लसूण चालत नाही, तर काय मागवावं. एका गृहस्थांना एवढंच हवं होतं की रविवारी तिथं लहान मुलांना घेऊन गेलं तर वेटर वैतागतात का.

या प्रश्नांची उत्तरं घेऊन या, पहिला लेख झालाच. जागा ऑफिसखालची निवडा, जिथं तुम्ही तसंही आठवड्यातून दोनदा जेवता.