देवळाचा उंबरठा : उदुंबर, मंदारक, ग्रासमुख

विचारणा अशी आहे : सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराबद्दल वाचताना ‘उदुंबरावरील कीर्तिमुखे’ असा उल्लेख आला. देवळाच्या दारात उंबराचं झाड कुठून आलं? उंबरठा म्हणायचं असेल, तर उंबरठा उंबराच्या लाकडाचा करत म्हणून त्याला हे नाव पडलं का?

उंबरठाच म्हणायचं आहे. संस्कृतात ‘उदुंबर’ या शब्दाचे उंबराचं झाड आणि दाराचा उंबरा असे दोन्ही अर्थ कोशांत दिलेले आहेत. दुसऱ्या अर्थाचा हा शब्द प्राकृतात ‘उंबर’, पालीत ‘उम्मार’, गुजरातीत ‘उंबरो’ आणि मराठीत ‘उंबरा’, ‘उंबरठा’ असा दिसतो. म्हणजे शिल्पग्रंथांतला ‘उदुंबर’ आणि माप ओलांडून सून घरात येते तो उंबरठा हा मुळात एकच शब्द. ‘देहली’ हा त्याचा संस्कृत पर्याय. देहलीदीपन्यायात, म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे उजेड देणाऱ्या उंबऱ्यावरच्या दिव्यात, तो आपल्याकडे टिकला आहे.

लाकडाची उपपत्ती मात्र पटत नाही. उंबराचं लाकूड मऊ असतं, उघड्यावर लवकर कुजतं. पाण्याखाली ते बरं टिकतं म्हणून विहिरीच्या बांधणीत ते वापरत. रोज पायाखाली येणाऱ्या जागी सुतार सागवान किंवा शिसव घालील, उंबर नाही. उंबराला यज्ञात मान आहे, सोमयागातल्या सदोमंडपात ‘औदुंबरी’ नावाचा खांब रोवतात, हे खरं. पण त्यावरून घरोघरचे उंबरे त्याच लाकडाचे होते असं ठरत नाही. दत्ताच्या औदुंबरामुळे उंबरठा पवित्र झाला, हे स्पष्टीकरण तर शब्दाचा पाली-प्राकृतातला प्रवास पाहिला की लगेच गळून पडतं.

आता मूळ वाक्याकडे. देवळाचा उंबरठा ही नुसती आडवी शिळा नसते, तिच्या प्रत्येक भागाला नाव आहे. मेवाडात महाराणा कुंभाच्या काळी, 15व्या शतकात, मंडन या सूत्रधाराने, म्हणजे स्थपतीने, ‘प्रासादमंडन’ हा मंदिरबांधणीचा ग्रंथ लिहिला. त्यात उंबरठ्याची मापं मिळतात. दाराच्या रुंदीचे तीन भाग करायचे. मधल्या भागात अर्धवर्तुळाकार पुढे आलेला ‘मंदारक’, त्यावर कमळ आणि कमळाचे देठ. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ग्रासमुख, म्हणजेच कीर्तिमुख : दगडात कोरलेलं, धड नसलेलं उग्र तोंड. त्यापलीकडे, चौकटीच्या उभ्या पट्ट्यांखाली, म्हणजे शाखांखाली, त्या शाखांच्या तळाच्या मूर्ती. दार 3 फूट रुंद असेल तर मंदारक साधारण 1 फुटाचा.

उंबरठ्याच्या बाहेर जमिनीलगत जी अर्धगोल पायरी असते ती ‘अर्धचंद्र’ किंवा ‘चंद्रशिला’. तिची लांबी दाराच्या रुंदीइतकी आणि पुढे येणं त्याच्या निम्मं : त्याच 3 फुटांच्या दाराला चंद्रशिला 3 फूट लांब, दीड फूट बाहेर. त्या 3 फुटांतले 2 फूट मधल्या अर्धगोलाचे, उरलेला 1 फूट दोन्ही कडेच्या ‘गगारक’ नावाच्या भागांचा. वर शंख, पानं, कमळं. लिहिताना इथे दोन घोटाळे नेहमी होतात. ‘चंद्रशिला’ आणि ‘चंद्रशाळा’ एकच समजतात. पण चंद्रशाळा ही शिखरावर किंवा भिंतीवर दिसणारी कमानीदार गवाक्षाकृती, तिचा पायरीशी संबंध नाही. दुसरं, मंदारकाला चंद्रशिला म्हणतात, कारण दोन्ही अर्धगोल. मंदारक उंबरठ्याच्या उभ्या दर्शनी अंगावर असतो, चंद्रशिला त्याच्या पुढ्यात आडवी असते. एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

गोंदेश्वर यादवकाळातलं, म्हणजे मंडनाच्या आधीचं. त्यामुळे ही मापं पट्टी लावून तिथे तंतोतंत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. भाग आणि त्यांचा क्रम ओळखण्यासाठी ती वापरावीत. गोंदेश्वर पंचायतन आहे. मुख्य शिवमंदिराभोवती विष्णू, सूर्य, गणेश आणि पार्वती यांची लहान देवळं आहेत, म्हणून एकाच आवारात मोठ्या आणि लहान देवळांचे उंबरठे शेजारी ठेवून पाहता येतात. सराव करायला याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

ग्रासमुखाला सरसकट ‘सिंहाचं तोंड’ लिहिणं चूक आहे. बटबटीत डोळे, शिंगं, वरचा जबडा, आणि खालचा जबडा बहुधा नाहीच, अशी त्याची खूण; धड नसतं. धड का नाही याची कथा पद्मपुराणात आहे. जालंधर या असुराचा निरोप घेऊन राहू शिवाकडे आला, त्याला खायला शिवाने एक भुकेलं भूत निर्माण केलं. राहू शरण आला, तेव्हा शिवाने त्या भुताला स्वतःचंच अंग खायला सांगितलं. त्याने मुखापर्यंत सगळं खाल्लं. प्रसन्न होऊन शिवाने त्याला कीर्तिमुख हे नाव दिलं आणि कायम आपल्या दारी ठेवलं. म्हणून त्याला ‘राहू’ म्हणणंही उलटंच. राहूला खायला जे निघालं होतं ते हे.

चौकटीच्या उभ्या पट्ट्यांना ‘शाखा’ म्हणतात. त्यांची संख्या विषम : तीन, पाच, सात, नऊ. ग्रंथांत नऊ शाखा महेश्वराच्या, सात इतर देवांच्या, पाच सार्वभौम राजाच्या आणि तीन मांडलिकाच्या दाराला सांगितल्या आहेत. वरच्या आडव्या पट्टीच्या मध्यावरची प्रतिमा ते ‘ललाटबिंब’. मराठीत पट्टीलाच ‘गणेशपट्टी’ म्हणतात, पण तिथे गणपतीच असतो असं नाही, तेव्हा प्रतिमा पाहून मगच नाव लिहावं.

यातलं सगळ्यात जास्त नुकसान उंबरठ्याचंच होतं आणि ते थांबवता येण्यासारखं आहे. मंडपात फरशी किंवा संगमरवर घालताना जमीन चार-सहा इंच वर येते. चंद्रशिला आधी गाडली जाते, मग मंदारकाचा खालचा भाग. ग्रासमुखांवर तैलरंगाचे थर चढले की डोळे आणि दात बुजतात. पितळी किंवा चांदीचा पत्रा ठोकताना दगडाला भोकं पडतात. उंबरठ्यावर नारळ फोडला की मंदारकाच्या कडेचे टवके उडतात. नारळासाठी बाजूला वेगळा दगड ठेवणं एवढंच पुरेसं आहे. आणि फरशी घालायचीच असेल, तर चंद्रशिलेभोवती वीतभर जागा मोकळी सोडून, मूळ पातळी दिसेल अशी घालावी.