जुन्या सीडी प्लेअरचे डिजिटल आउटपुट: ऑसिलेटरपेक्षा शेवटचा टप्पा सुधारा

आपल्या जुन्या प्लेअरला केवळ ॲनालॉग आउटपुट आहे आणि त्यातून बाहेरच्या डॅकसाठी (डिजिटल सिग्नलचे ॲनालॉग आवाजात रूपांतर करणाऱ्या उपकरणासाठी) चांगले डिजिटल आउटपुट काढायचे तर आधी आतील ऑसिलेटर (प्लेअरची लय ठरवणारे घड्याळ-सर्किट) बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की ऑसिलेटरला तूर्त हात लावू नये. त्यातला मूळ क्रिस्टल बहुधा पुरेसा स्थिर असतो. शिवाय लांब वायरीने जोडलेले नवे क्लॉक-बोर्ड स्वतःचाच गोंगाट आत आणू शकते. डिजिटल आउटपुटचे खरे नुकसान होते ते चिपची पिन आणि सॉकेट यांच्यामध्ये.

प्रथम सर्व्हिस मॅन्युअल पाहून आतील चिपचे नाव निश्चित करावे. फिलिप्सची एसएए७२२० ही चिप असेल, तर तिच्या १४ क्रमांकाच्या पिनवर एसपीडीआयएफ (डिजिटल ध्वनी एका केबलवरून नेण्याच्या पद्धतीचा) सिग्नल तयारच मिळतो. झाकण काढण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा, आणि नंतर चालू प्लेअर तपासताना लेझरच्या भिंगात डोकावू नये, कारण तो ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

मी पहिल्या प्रयत्नात त्या पिनवरून थेट आरसीए सॉकेटपर्यंत वायर ओढली होती. आवाज आला, पण घरातील पंखा बंद केला की डॅकचा लॉक (सिग्नलशी जुळलेली लय) क्षणभर सुटत असे. चिपची पिन ७५ ओहमची केबल चालवण्यासाठी नसते, म्हणून मध्ये बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारा टप्पा, हवा. त्यासाठी ७४एचसीटी०४ ही सहा इन्व्हर्टरांची (सिग्नल उलटवणाऱ्या सर्किटांची) लॉजिक चिप घ्यावी, साधी ७४एचसी०४ नव्हे, कारण जुन्या चिपची वरची पातळी साध्या एचसीच्या इनपुटला कमी पडू शकते. एका इन्व्हर्टरने पुढचे तीन समांतर इन्व्हर्टर चालवावेत, उरलेल्या दोघांची इनपुटे ग्राउंडला जोडावीत आणि चिपच्या सप्लाय-पिनांलगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर बसवावा. सिग्नल उलटा झाला तरी बिघडत नाही, कारण एसपीडीआयएफच्या बायफेज-मार्क या संकेत-पद्धतीत माहिती पातळीत नसून पातळीच्या बदलांत असते.

यानंतर ५ व्होल्टचा सिग्नल अर्ध्या व्होल्टवर आणायचा आहे. १०० नॅनोफॅरड कपॅसिटरमागून सिरीजमध्ये ३७४ ओहम आणि तेथून ग्राउंडकडे ९०.९ ओहम असे रेझिस्टर लावले, की ७५ ओहमच्या भारावर साधारण तेवढाच व्होल्टेज मिळतो आणि स्रोताचा इम्पिडन्सही (सिग्नलला होणारा अंतर्गत विरोध) सुमारे ७३ ओहम होतो. त्यापुढे १:१ पल्स ट्रान्सफॉर्मर बसवून सॉकेट धातूच्या पेटीपासून अलग ठेवले, तर दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा प्रवाह तुटतो. माझा त्या पंख्याचा त्रास या एका बदलाने गेला. ऑप्टिकल ट्रान्समीटर वापरल्यास हे वेगळेपण आपोआप मिळते, आणि टीटीएल (५ व्होल्टच्या लॉजिकची) पातळी घेणाऱ्या मॉड्यूलला रेझिस्टरांची विभागणीही लागत नाही.

ऑसिलोस्कोप नसल्यास डिस्क वाजत असताना मल्टिमीटरने बफरच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजावा. संकेत डीसी-संतुलित असल्याने सुमारे अडीच व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य किंवा पूर्ण ५ दिसले, तर पिन चुकली आहे किंवा सोल्डरिंग सुटले आहे.