माल संपण्याआधी मागणी कधी नोंदवावी?

प्रश्न : फोंड्यात आमचे किराणा दुकान आहे. कोल्हापूरहून येणारा गूळ चवथीच्या तोंडावर संपतो. जादा भरला, तर पावसाळी हवेत ढेपा पाझरतात. किती साठा ठेवावा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि तिचे मूळ मागणी नोंदवण्याच्या वेळेत आहे. समजा, रोज सरासरी ३ ढेपा खपतात आणि माल ४ दिवसांत पोहोचतो, तर त्या काळात १२ ढेपा लागतील. परंतु चवथीपूर्वी खप ५ ढेपांवर गेला आणि घाटात दरड कोसळून गाडीला ६ दिवस लागले, तर ३० लागतील. हा १८ ढेपांचा फरक म्हणजे आपला सुरक्षा साठा. म्हणून हंगामात शिल्लक ३० वर येताच नवी मागणी नोंदवावी, शिल्लक मोजताना वाटेतला मालही धरावा. इतर महिन्यांत हा आकडा निश्चितपणे कमी करावा, कारण पाझरलेली ढेप कोणी घेत नाही. एका वेळी किती मागवावे, यासाठी अमेरिकी अभियंते फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले सूत्र आहे. ते मागणी नोंदवण्याचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च यांचा मेळ घालते. मात्र नाशवंत गुळासाठी मी थोडा माल वारंवार मागवणेच पसंत करीन.